फ्रेममध्ये न बसलेलं दुसरं पान

नाही सुचेताताई, माईक राहू द्या माझ्याकडे. मला तीन मिनिटं दिलीत आणि श्रीनिवासराव चाळीस मिनिटं उभे होते, तेव्हा त्यांना कोणी घड्याळ दाखवलं नाही. मला आधी एकच सांगा, ही फ्रेम कोणी बनवून आणली? सोनेरी किनार, काच पुसून पुसून चकचकीत, चाचांच्या हातात दिली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग जवळ जाऊन बघते तर आत एकच पान! चाचांचा फैसला दोन पानांचा होता. दुसरं पान कुठं आहे?

बसा, बसा. भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला माहीत आहे. माझ्या मुलीनं, रचनानं, सकाळी मला दोनदा समजावलं होतं, आई, आधी अध्यक्ष, मग पाहुणे, मग बाकीचे. तेही लिहून आणलंय. वाचते.

वॉटफर्डच्या आपल्या स्नेहमेळा मंडळाचे अध्यक्ष माननीय श्रीनिवास केतकर, सेक्रेटरी सुचेताताई, मराठीचं एक अक्षर कळत नाही म्हणून या हॉलमध्ये एकट्याच समाधानानं हसत बसलेल्या आपल्या कौन्सिलर मॅडम, चाचांची लेक फरहत आणि जावईबापू, बेसिंगस्टोकहून दोन ट्रेन बदलून आलेली मंडळी, केंब्रिजची पोरं, माझे बुधवारचे सगळे म्हातारे आणि म्हाताऱ्या, ज्यांना म्हातारं म्हटलं की राग येतो पण डाळ पातळ करून मागताना येत नाही, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते, सिंधच्या हायकोर्टाचे रिटायर्ड जज, जस्टिस अब्दुस्समद हमदुले, म्हणजे आमचे चाचा. सगळ्यांना नमस्कार, जय भीम, सलाम.

मी द्रौपदी रामटेके. शाळा चौथीपर्यंत, नागपूरला, इंदोऱ्यात. दर बुधवारी या हॉलच्या मागच्या किचनमध्ये चाळीस जणांचं जेवण होतं, ते मी करते, नऊ वर्षं झाली. हे भाषण माझं मीच लिहिलंय, मेनूच्या कागदांच्या पाठीवर. मधेच कुठं ‘वांगी तीन किलो’ ऐकू आलं तर सोडून द्या.

श्रीनिवासरावांनी चाचांची सगळी कारकीर्द सांगितली. कोणत्या साली वकील, कोणत्या साली सेशन जज, कोणत्या साली हायकोर्ट. बरोबरच असेल, कॉम्प्युटरवरून घेतलंय. पण माणूस काय असा सालासालानं जगतो? मला विचाराल तर माझ्यासाठी चाचांची कारकीर्द लसणापासून सुरू होते.

चार वर्षांपूर्वी, थंडीचे दिवस, हे दारात उभे. डोक्यावर लोकरीची टोपी, कोटाच्या खिशाला पेन. चांगल्या मराठीत विचारलं, “बाई, एका माणसाला जागा होईल का?”

मी म्हटलं, “होईल. कुठले तुम्ही?”

“हर्णैचा.”

झालं! मी समजले, कोकणातले कोणी रिटायर्ड क्लार्क असतील, मुलीकडे आलेत. पेन होतं, आणि हातात आलेला प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय खाली ठेवत नव्हते. पिझ्झाची जाहिरातसुद्धा! मी विचारलं, नोकरी कुठं होती? म्हणाले, कोर्टात. मी म्हटलं, बेलिफ होता का? तर हे काय म्हणतात? “साधारण तसंच. निकाल पोचवायचं काम.”

आता सांगा, याच्यावरून कोणाला काय कळणार? मी म्हटलं, चाचा, हात रिकामे आहेत ना, मग हा लसूण घ्या. आठ महिने हायकोर्टाच्या जजनं माझ्याकडे लसूण सोलला. आणि तोही किती सावकाश! मी ओरडायची, “चाचा, लसूण सोलायचाय, तान्ह्या बाळाचे कपडे बदलायचे नाहीत.” त्यावर हे शांतपणे म्हणायचे, “द्रौपदीबाई, कोणत्याही पाकळीचं ऐकून घेतल्याशिवाय मी तिला सोलत नाही.”

मला वाटायचं, म्हातारा गमत्या आहे.

मग एक दिवस एक टॅक्सीवाला आमच्या कुसुमकाकूंना सोडायला आत आला. कराचीचा, दाढी पांढरी. काकूंचा हात सोडला, किचनच्या खिडकीतून आत बघितलं आणि जागच्या जागी ताठ उभा राहिला, शाळेत हेडमास्तर आल्यावर उभे राहतात तसा. “मायलॉर्ड!” मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मागे फ्रीज होता. तोपर्यंत तो आत येऊन चाचांचा लसणाचा हात डोळ्यांना लावत होता.

मी विचारलं, काहून हो, यांनी तुमची केस जिंकून दिली होती का?

तो म्हणाला, “नाही ताई, यांच्यासमोर मी हरलो होतो. वडिलांच्या घराची केस. माझा वकील जे बोलू शकला नाही, ते सगळं यांनी फैसल्यात लिहिलं. माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली लिहिली. आणि मग मला हरवलं. ते वाचून माझ्या वडिलांनी अपील केलं नाही. म्हणाले, या माणसानं आपल्याला ऐकलंय.”

एवढ्या वर्षांत जिंकलेला माणूस जजच्या पाया पडताना कोणी बघितला असेल. हरलेला माणूस हात डोळ्यांना लावतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्या दिवशी मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, साहेब, माफ करा, तुम्ही बाहेर बसा. तर म्हणतात, “का? लसूण संपला का?”

त्याच्यानंतर मी हळूहळू सगळं विचारून घेतलं. मला कुणाचं काही अर्धवट राहिलेलं चालत नाही. तर ऐका, हे कॉम्प्युटरवर मिळणार नाही.

हर्णैचं घर सोडलं तेव्हा चाचा आठ वर्षांचे. वडील जहाजावर इंजिनात कोळसा घालायचे, त्यांचं काम कराचीच्या बंदरात होतं, म्हणून सगळं घर मुंबईहून बोटीनं तिकडे गेलं. आईला उर्दू कधी नीट आली नाही. घरात शेवटपर्यंत तिची मराठी. तीन भाऊ आणि एक बहीण, भांडणं रोजची. ही बाई न्याय कसा करायची? ज्याला मार द्यायचा ठरलाय, त्याला पहिल्यांदा बोलायला लावायची. म्हणायची, मार खाल्ल्यावर कोणी नीट सांगत नाही, आधी सांगून घे. चाचा म्हणतात, पुढे कायद्याची मोठमोठी पुस्तकं वाचली, पण याच्या पुढचं काही सापडलं नाही. आयुष्यभर जो हरणार आहे, त्याची बाजू पहिल्या पानावर, आणि त्याला स्वतःलाही जमणार नाही इतकी चांगली लिहायची. मगच पुढे.

चाचा, मान हलवू नका. आज तुम्ही पक्षकार नाही, गप बसा.

मग ते शपथेचं. श्रीनिवासराव, तुम्ही नुसतं म्हणालात, दोन हजार साली पदमुक्त झाले. पदमुक्त म्हणजे काय, बदामाचं साल निघावं तसं निघालं का ते पद? लष्करानं राज्य घेतलं होतं आणि सगळ्या जजांना सांगितलं, नव्यानं शपथ घ्या. चाचा म्हणाले, मी एकदा घेतली आहे, ती अजून खराब झालेली नाही. नाही गेले. आणखी कोणी कोणी नाही गेले, हे एकटे नव्हते, हे ते स्वतः दर वेळी सांगतात म्हणून मीही सांगते. झेंड्याची गाडी तिथंच उभी केली आणि रिक्षा करून घरी निघाले. काळा कोट बघून रिक्षावाल्यानं विचारलं, “कोर्टात काय काम होतं?”

“केस होती.”

“जिंकलात?”

“अजून माहीत नाही.”

हे उत्तर लक्षात ठेवा. मी परत येणार आहे त्याच्यावर.

आता म्हशींची गोष्ट. कौन्सिलर मॅडम, तुम्ही हसताय ते बरोबरच आहे, ही हसायचीच गोष्ट आहे. सिंधमध्ये एका खेड्यात मुलींच्या शाळेची इमारत होती. गावच्या जमीनदारानं तिच्यात स्वतःच्या म्हशी बांधल्या. जुलेखा नावाच्या तिथल्या मास्तरीणबाई कोर्टात आल्या. चाचांनी आधी जमीनदाराची बाजू पानभर लिहिली, म्हशींनाही सावली लागते वगैरे सगळं. मग हुकूम दिला, शाळा रिकामी करा. पेपरात नाव आलं, लोकांनी वाहवा केली.

नऊ वर्षांनी चाचा घरी बसले होते, रिटायर्ड म्हणा, नाही म्हणा. कोणाच्या लग्नाला त्या बाजूला गेले तर म्हणाले, शाळा बघून येऊ. मास्तरीणबाई झाडाखाली पोरी शिकवत होत्या. घरी नेलं, चहा दिला. भिंतीवर चाचांचा फैसला, फ्रेम करून लावलेला. चाचांना बरं वाटलं. विचारलं, मग शाळा? बाई म्हणाल्या, “साहेब, आम्ही तर रोज वाचतो. म्हशींना अजून वाचता येत नाही.”

हसा. मीही हसले होते. चाचा हसले नव्हते. मला म्हणाले, द्रौपदीबाई, फैसला पोचला नाही तर ते नुसतं सुंदर हस्ताक्षर असतं.

आता तुम्हाला कळलं का, मी फ्रेमवरून काहून पेटले?

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते, आमच्या भांडणाचं. गेल्या वर्षी कमिटीनं ठरवलं, किचनमध्ये जो शिजवेल त्याच्याकडे फूड हायजीनचं सर्टिफिकेट पाहिजे. इंग्रजीत परीक्षा, तीस प्रश्न. मी म्हटलं, नाही देणार. आठ वर्षं शिजवलं तेव्हा कोणी कागद मागितला नाही, कोणाचं पोट दुखलं नाही, आता एकदम कागद? आणि माझ्या मनात जे होतं ते मी मीटिंगमध्ये उभं राहून बोलले. म्हटलं, ज्याला माझ्या हातचं चालत नसेल त्यानं ते कागदाशिवाय सांगावं, मी नागपुरात असली कारणं पुष्कळ ऐकलेली आहेत. त्यावर आवाज चढले. कोणी मला उद्धट म्हटलं. मी आहे. महिनाभर जेवण बंद पडलं.

शेवटी मी आणि श्रीनिवासराव, दोघांनी चाचांना सांगितलं, तुम्हीच काय ते ठरवा. आणि दोघांनीही आधीच लिहून दिलं, जे ठरेल ते मान्य. आता यातली गंमत बघा. श्रीनिवासरावांना वाटलं, शिकलेला माणूस आहे, नियमाच्या बाजूनं बोलेल. मला वाटलं, माझा लसूण सोललाय, माझ्या बाजूनं बोलेल. जजला ओळखण्यात दोन्ही पार्ट्या सारख्याच चुकल्या.

बुधवारी जेवणाच्याच टेबलावर कोर्ट बसलं. चाचा टाय लावून आले. पहिला हुकूम काय? मी श्रीनिवासरावांची बाजू सांगायची आणि त्यांनी माझी. समोरचा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत. माझं एका फेरीत झालं, त्यांची बाजू मला चार ईमेलमधून पाठ झाली होती. श्रीनिवासरावांना चार फेऱ्या लागल्या. पहिल्या वेळी म्हणाले, “द्रौपदीताईंना परीक्षेची भीती वाटते.” मी म्हटलं, चूक. दुसऱ्या वेळी, “द्रौपदीताईंना बदल नको आहे.” चूक. तिसऱ्या वेळी घाम पुसला. चौथ्या वेळी खाली बघून हळूच म्हणाले, “त्यांना वाटतं की आम्ही कागद मागतोय, पण प्रश्न कागदाचा नाहीये.”

मी म्हटलं, बरोबर.

त्या दिवसापासून मी श्रीनिवासरावांना वाईट माणूस म्हणत नाही. विलासला, माझ्या नवऱ्याला, विचारा. उशीर करणारा म्हणते.

फैसला आला. पहिल्या पानावर माझी बाजू. या फ्रेममध्ये आहे ती, चष्मा असेल तर या आणि वाचा. ‘द्रौपदीबाई रामटेके यांच्या मनातली शंका बिनबुडाची नाही. आठ वर्षं जो कागद कोणाला लागला नाही, तो एकाएकी लागू लागला, तर ज्याच्याकडून मागितला त्याला कारण विचारायचा हक्क आहे. अपमान झाला की नाही, हे अपमान करणाऱ्यानं ठरवायचं नसतं.’ मी हे वाचलं आणि किचनमध्ये जाऊन नळ सोडून रडले. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आज सांगितलं.

आणि त्याच पानाच्या शेवटी मला हरवलं! ‘परंतु नियम कमिटीसाठी नाही, जेवणाऱ्यांसाठी आहे. ताटावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाक करणारीला काही विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं नियम विचारतो. परीक्षा द्यावी.’

मी आत जाऊन म्हटलं, चाचा, तीन वर्षं लसूण सोलून हे? तर म्हणाले, “लसणाचा आणि याचा संबंध नाही. अभ्यास कधी सुरू करायचा?”

मी म्हटलं, थांबा. नियम जो शिजवेल त्याला, ना? लसूण सोलणं म्हणजे शिजवणंच. तुम्हीही बसा परीक्षेला.

आणि बसले! चौऱ्याऐंशी वर्षांचे जस्टिस हमदुले माझ्या शेजारी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरसमोर परीक्षेला बसले. त्याच्या आधी दोन महिने दर बुधवारी भांडी झाल्यावर आम्ही अभ्यास केला. ते इंग्रजी वाचायचे, मी उत्तर सांगायची. भात बाहेर किती वेळ ठेवायचा, कच्चं मटण फ्रीजमध्ये खाली काहून ठेवायचं, हे मला पुस्तकानं काय सांगायचं? फक्त त्यांच्या शब्दांत ओळखायला शिकायचं होतं. निकाल आला. मला अठ्ठावीस, चाचांना सव्वीस. मासळीचे दोन्ही प्रश्न चुकले त्यांचे. हर्णैच्या हिशोबानं उत्तरं दिली, म्हणाले पुस्तक चुकीचं आहे. मी म्हटलं, अपील करा.

फरहत, हसतेस काय, तुझ्या घरी तो सर्टिफिकेटचा कागद फ्रीजवर लावलाय, मी बघितलाय. हायकोर्टाचं काही लावलेलं नाही, तेवढंच लावलंय.

तर माझ्या बाजूचा हुकूम मी पाळला. आता हे बघा. हे दुसरं पान. माझ्याकडे कॉपी आहे, पिठाच्या डब्यात प्लास्टिकमध्ये ठेवते. वाचते, एकच परिच्छेद आहे.

‘जिच्याकडून कागद मागायचा, तिला कागद जिथं ठरतात तिथं खुर्ची द्यायची. द्रौपदीबाई परीक्षा पास झाल्यावर जी पहिली मीटिंग होईल, त्या मीटिंगपासून त्या मंडळाच्या कमिटीच्या सभासद असतील, मताच्या पूर्ण अधिकारासह. किचनबद्दलचा कोणताही ठराव त्यांच्या गैरहजेरीत होणार नाही.’

मी पास झाले त्याला दहा महिने झाले. सात मीटिंग झाल्या. मी दर वेळी विचारलं. एकदा म्हणाले अजेंडा भरला होता. एकदा म्हणाले गणपती होऊ दे. एकदा कोरम नव्हता. बाकी वेळी सुचेताताईंचा एकच मेसेज, ‘नोंद घेतली आहे’. ताई, तुम्ही प्रेमळ बाई आहात, माझ्या गुडघ्याच्या वेळी रोज फोन केलात, पण ही तुमची नोंद म्हणजे माझ्यासाठी त्या गावातल्या म्हशी झाल्या आहेत. उठतच नाहीत!

आणि आज निरोपाला भेट काय, तर त्याच फैसल्याचं पहिलं पान, काचेत. मघाशी मी हळूच विचारलं, दुसरं कुठं? श्रीनिवासराव म्हणाले, “अहो ताई, फ्रेममध्ये एकच बसत होतं.”

थांबा. मी चिडलेय, पण चाचांसमोर उभी आहे, तेव्हा शिस्त पाळते. आधी कमिटीची बाजू सांगते. यापुढचं कागदावर नाही.

कमिटीची माणसं दिवसभर नोकरी करतात, मुलं सांभाळतात आणि राहिलेल्या वेळात फुकट हे मंडळ चालवतात. ते नसते तर हा हॉल नसता, हॉल नसता तर किचन नसतं, आणि मी घरी बसून भिंतीशी बोलले असते. त्यांची भीती अशी आहे की किचनला खुर्ची दिली तर उद्या नाटकवाले मागतील, परवा बॅडमिंटनवाले, आणि मीटिंग पहाटेपर्यंत चालेल. मीटिंगचे कागद इंग्रजीत असतात. मला कळणार नाहीत, मला ओशाळल्यासारखं होईल, त्यापेक्षा न बोलावलेलं बरं, असं त्यांच्यातल्या एकदोघांना मनापासून वाटतं. त्यात दुष्टपणा नाही. आणि माझं तोंड कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दर महिन्याला ते तोंड समोर बसवायचं म्हणजे कोणालाही धडकी भरेल. मीसुद्धा मला बोलावलं नसतं.

श्रीनिवासराव, बरोबर सांगितली का तुमची बाजू?

मान हलवली. सगळ्यांनी बघितली ना? एका फेरीत झालं.

तर आता माझं. कागद इंग्रजीत असतील तर वाचून दाखवा. भाताचा प्रश्न मला वाचून दाखवल्यावर मी बरोबर सोडवला होता. नाटकवाल्यांना खुर्ची द्या की नका देऊ, ते तुम्ही बघा, त्यांचा फैसला झालेला नाही. माझा झालाय. तुम्ही सही करून ‘मान्य’ म्हणालात, मीही म्हणाले. मी हरले आणि पाळलं. जिंकलेला माणूस न पाळता बसला तर त्याला काय म्हणायचं?

परवा मी चाचांना विचारलं, कराचीला परत काहून जाता, इथं लेक आहे, नातवंडं आहेत, चाळीस जणांचं जेवण आहे. म्हणाले, बहीण रुकय्या एकोणऐंशी वर्षांची आहे. दोन भाऊ गेले. आईच्या भाषेत तिच्याशी बोलणारं तिकडे आता कोणी उरलं नाही. फोनवर बोलते, पण फोन ठेवला की गप्प होते. एवढ्यासाठी जायचं? हो, म्हणाले, एवढ्यासाठीच. जा चाचा. अशा कारणाला मी अडवणार नाही. कोणी तिकडे म्हणेल पाकिस्तानी माणसानं वॉटफर्डला जाऊन मराठी मंडळाची भांडणं सोडवली, कोणी इकडे म्हणेल त्यांचा सत्कार कशाला. म्हणू दे. चाळीस जणांच्या डाळीत चार वर्षं त्यांच्या हातचा लसूण होता, कोणाला कुठला वेगळा वास आला नाही.

पण चाचांचं विमान गुरुवारी आहे. हा त्यांचा शेवटचा फैसला. याच्यानंतर ते कोणाचं काही ठरवणार नाहीत, मला सांगितलंय त्यांनी, थकलो म्हणाले. तो अर्धा पोचवून त्यांना विमानात बसवायचं? तिकडे उतरल्यावर कोणी रिक्षावाला विचारेल, वॉटफर्डला काय काम होतं? हे म्हणतील, केस होती. तो विचारेल, निकाल पोचला? आणि या वयात, काचेची फ्रेम मांडीवर धरून, पुन्हा म्हणायचं, अजून माहीत नाही?

मला नाही चालणार.

धमकी देत नाहीये. बुधवारी जेवण होणार. उत्तर ‘हो’ आलं तरी, ‘नाही’ आलं तरी, सगळ्यांना वाढणार, कमिटीला पण. ताट अडवून न्याय मागायचा नाही, हे मला चाचांनीच सांगितलंय. मेनूही सांगून ठेवते: वांग्याची भाजी, डाळ, भात, आणि चाचांसाठी मासळी, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे शिजवलेली. त्यांना आवडणार नाही.

आता रीत पाळते. कौन्सिलर मॅडम, हॉल दिलात, थँक यू. फरहत, तुझे बाबा आम्हाला दर बुधवारी दिलेस, तुझे उपकार. खुर्च्या मांडणाऱ्या पोरांचे, बेसिंगस्टोकवाल्यांचे, रचनाचे आभार, ती मघापासून मागून तिच्या इथल्या मराठीत खुणा करतेय, “आई, तुझा भाषण खूप मोठी झाली.” झाली बाळा. चाचा, चार वर्षं तुम्हाला लसणावरून ओरडले, बेलिफ समजले, परीक्षेला बसवलं, ते सगळं पोटात घाला. आणि बाकीच्यांनो, बोलण्यात जे कमीजास्त झालं असेल ते चौथी पास बाईचं म्हणून नाही, तुमच्या घरातलीच एक आहे म्हणून माफ करा.

श्रीनिवासराव, सुचेताताई, बुधवारी दुपारी एक वाजता, चाचांच्या ताटात पहिला भात पडायच्या आत, त्यांच्यासमोर उभं राहून तोंडानं सांगायचं. हो किंवा नाही. ‘नोंद घेतली’ हे उत्तर चालणार नाही. ही फ्रेम तोपर्यंत माझ्याकडे राहील, मागचे खिळे मी काढून ठेवते. दोन पानं बसतात आत, मी बघितलंय.

बुधवार, एक वाजता.